बेलोरा कोणतं, ते आधी विचारा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विदर्भातल्या कवींचे परिचय नेमाने येतात. त्यातले बरेचसे पेशाने प्राध्यापक. हे परिचय खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांत कापून ठेवले जातात. बी.ए.ची मुलं त्यावरून प्रकल्प लिहितात, पुढे त्याच कवीवर कुणी पीएच.डी. करतं आणि तळटीपेत आपल्या अंकाची तारीख जाते. काही वर्षांनी आपलाच नवा बातमीदार तो प्रबंध उघडून परिचय लिहायला बसतो. एकदा छापलेली चूक अशी गोल फिरून परत येते, तेव्हा तिच्याजवळ पुरावाही असतो. म्हणून हे पत्र.

कौतुक कमी पडतं अशी आमची तक्रार नाही. कौतुक भरपूर असतं. ‘संवेदनशील’, ‘मातीशी नाळ’, ‘हळवं मन’ यांचा साठा संपत नाही. पण सालं चुकतात, गावं चुकतात, पदं चुकतात, आणि कवितेच्या ओळी तर हमखास चुकतात.

चुकीचं मूळ बातमीदाराच्या आळसात कमी आणि कागदात जास्त आहे. परिचयासाठी कवीकडे माहिती मागितली की कवी जो कागद पाठवतो तो महाविद्यालयात पदोन्नतीसाठी किंवा नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी केलेला बायोडाटा असतो. त्याचे रकाने ठरलेले: पदवी, नेट-सेट या पात्रता परीक्षा, सेवेची वर्षं, उद्बोधन वर्ग, शोधनिबंध, चर्चासत्रं, समित्या. कवितासंग्रह येतात ते सगळ्यात खाली, ‘इतर लेखन’ या सदरात, बऱ्याचदा सालाविना. यात कवीचा दोष म्हणावा तर तोही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत शिक्षकाचे गुण मोजायचा जो तक्ता आहे त्यात शोधनिबंधाला, संशोधनपर पुस्तकाला, पुस्तकातल्या प्रकरणाला, अनुवादालाही जागा आहे. कवितासंग्रह असा वेगळा रकाना नाही. मग पंधरा वर्षं घासून लिहिलेला संग्रह त्या कागदावर कोपऱ्यात जातो आणि ‘राष्ट्रीय चर्चासत्रात सहभाग : ४२’ वर येतं. आपला परिचयही त्याच क्रमाने छापला जातो. वाचकाला या बेचाळीस चर्चासत्रांचं काय करायचं?

कवी-प्राध्यापकाची कारकीर्द म्हणजे एकाच माणसाच्या दोन वेगळ्या दिनदर्शिका. एक कवितेची : कविता लिहिली कधी, मासिकात आली कधी, पुस्तकात आली कधी. दुसरी नोकरीची : तासिका तत्त्वावर (तासागणिक मानधनावर) कधी लागले, विद्यापीठाची मान्यता कधी मिळाली, कुठे बदली झाली, कोणत्या पदावरून निवृत्त झाले. दोन्ही एका परिच्छेदात कालवल्या की घोटाळा होतो. वेगळ्या लिहून शेजारी ठेवल्या की माणूस दिसायला लागतो.

उदाहरण घ्यायचं तर सगळ्यांना माहीत असलेलंच घेऊ : वसंत आबाजी डहाके. जन्म ३० मार्च १९४२, बेलोरा. आता बेलोरा म्हटलं की आजच्या बातमीदाराला आठवतं अमरावतीचं विमानतळ, कारण ते बेलोऱ्याला आहे. चांदूर बाजारकडच्या माणसाला आठवतं त्याच्या तालुक्यातलं बेलोरा. डहाक्यांचं बेलोरा यवतमाळ जिल्ह्यातलं. विदर्भात एकाच नावाची दोन-तीन गावं असणं ही रोजची गोष्ट आहे. पिंपळगाव, लोणी, वडगाव, बोरगाव किती आहेत ते एस.टी.च्या कंडक्टरला विचारा. त्यामुळे गावाबरोबर तालुका आणि जिल्हा छापायचाच, आणि जिल्हा तेव्हाचा की आताचा तेही बघायचं. वाशीम जिल्हा अकोल्यातून निघाला १९९८ साली, गोंदिया भंडाऱ्यातून १९९९ साली, गडचिरोली चंद्रपुरातून १९८२ साली. १९५५ साली ‘वाशीम जिल्ह्यात’ कुणाचा जन्म झालेला नाही. ‘तेव्हाच्या अकोला, आताच्या वाशीम जिल्ह्यात’ असं लिहिलं की काम भागतं.

जन्मतारखेचं आणखी एक. १ जून किंवा १ जुलै दिसली की थबकावं. जुन्या पिढीत पोराला शाळेत नेलं की गुरुजी अंदाजाने तारीख टाकत, आणि ती दाखल्यावर, सेवापुस्तकात, शेवटी पुस्तकाच्या मलपृष्ठावर जाऊन बसत असे. कवीला सरळ विचारावं : ही घरची तारीख की शाळेची? घरची बहुधा तिथीत किंवा हंगामात सांगितली जाते, ‘कापूस वेचणीच्या दिवसांत’, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’. मग ‘शालेय नोंदीनुसार’ हे दोन शब्द जोडावेत. वाढदिवसाचा मजकूर थोडा कमी रंगतदार होईल, पण खरा राहील.

परत डहाक्यांकडे. ‘योगभ्रष्ट’ ही त्यांची दीर्घ कविता ‘सत्यकथे’त आली १९६६ साली. त्याच नावाचा संग्रह आला १९७२ साली. ‘१९७२ मध्ये योगभ्रष्ट लिहून ते मराठी कवितेत अवतरले’ असं वाक्य वाचायला मिळतं. सहा वर्षं गेली कुठे? कविता लोकांनी वाचली, त्यावर बोललं गेलं, कवीचं नाव झालं ते मासिकातल्या प्रसिद्धीनंतर. संग्रह मागून आला. त्या काळात मराठी कवीचं खरं पदार्पण मासिकात व्हायचं. म्हणून परिचयात दोन सालं हवीत, मासिकाचं आणि पुस्तकाचं. एकच द्यायचं असेल तर कोणतं दिलं ते सांगावं.

पुढचा खड्डा मोठा आहे. ‘योगभ्रष्ट’ १९७२, नंतरचा संग्रह ‘शुभवर्तमान’ १९८७. मधली पंधरा वर्षं पाहिली की लेखणी शिवशिवते आणि ‘दीर्घ मौन’ असं उपशीर्षक जन्माला येतं. प्रत्यक्षात त्या पंधरा वर्षांत ‘अधोलोक’ (१९७५) आणि ‘प्रतिबद्ध आणि मर्त्य’ (१९८१) या दोन कादंबऱ्या आल्या. मौन कसलं? नुसती संग्रहांची यादी समोर ठेवून कुणाच्याही आयुष्यात अशी रिकामी जागा शोधता येते. त्यानंतर ‘शुनःशेप’ १९९६ आणि ‘चित्रलिपी’ २००६. प्रत्येक वेळी नऊ-दहा वर्षांचं अंतर.

हे अंतर का पडतं याचा साधा हिशेब आहे. पुस्तक छापताना सोळा पानांचा एक फॉर्म धरतात. सहा फॉर्मचा संग्रह म्हणजे ९६ पानं. त्यातली आठ-दहा पानं शीर्षक, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांत जातात. प्रस्तावना असेल तर आणखी आठ. उरलेल्या पानांत साठ ते सत्तर कविता बसतात. जो कवी स्वतःच्या कवितेला चाळणी लावतो त्याच्या हाती वर्षाला आठ-दहा कविता राहिल्या तर पुष्कळ. म्हणजे सात-आठ वर्षांनी संग्रह, ही सुस्ती नव्हे, नेहमीची चाल आहे. उलट दरवर्षी संग्रह काढणाऱ्या कवीला दोन प्रश्न जास्त विचारावेत.

आता नोकरीची बाजू. डहाक्यांनी चंद्रपूरला, मग अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवलं. ‘विदर्भ सोडून मुंबईच्या साहित्यवर्तुळात गेले’ असं लिहिणं सोपं आहे. पण विदर्भ महाविद्यालय आणि एल्फिन्स्टन ही दोन्ही शासकीय महाविद्यालयं. शासकीय सेवेतल्या माणसाचं गाव बदललं की आधी आदेश बघावा, वर्तुळ नंतर. खाजगी संस्थेतला प्राध्यापक तीस वर्षं त्याच तालुक्यात राहतो आणि शासकीयमधला राज्यभर फिरतो, हा फरक त्यांच्या कवितेतल्या गावा-शहरांवर दिसतो. परिचयात तो एका वाक्यात यायला हरकत नाही.

महाविद्यालयांची नावंही बदलतात. विदर्भ महाविद्यालय १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालं आणि आता त्याचं नाव शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था. एकाच परिचयात ही तीन नावं तीन वेगळ्या संस्था म्हणून आली तर वाचकाला वाटतं माणूस तीन ठिकाणी शिकला-शिकवला. विद्यापीठांचं तसंच. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला वेगळं झालं. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं आणि अमरावतीला गाडगेबाबांचं नाव २००५ मध्ये लागलं. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ चं. चंद्रपूरचं महाविद्यालय आज गोंडवानाशी संलग्न आहे म्हणून साठच्या दशकात तिथे शिकवणारा ‘गोंडवाना विद्यापीठाचा माजी प्राध्यापक’ ठरत नाही. १९७० साली अकोल्यात एम.ए. झालेल्या माणसाची पदवी नागपूर विद्यापीठाची असते, अमरावतीची नव्हे. तेरा वर्षांनी जन्मलेलं विद्यापीठ त्याला पदवी कशी देईल?

इथेच ‘विद्यापीठातले प्राध्यापक’ या शब्दाचा निकाल लावून टाकू. विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात शिकवणारा वेगळा आणि संलग्न महाविद्यालयात शिकवणारा वेगळा. यशवंत मनोहर नागपूर विद्यापीठाच्या पदव्युत्तर मराठी विभागात होते, विभागप्रमुख होते. त्यांना विद्यापीठातले प्राध्यापक म्हणणं बरोबर. ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवत; ते महाविद्यालयातले. एक मोठा आणि एक लहान असा हा प्रकार नाही. काम वेगळं असतं. विभागात एम.ए.चे दोन वर्ग आणि संशोधक विद्यार्थी. तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए. भाग एकच्या आवश्यक मराठीच्या वर्गात शंभर मुलं, त्यातली निम्मी सोंगणीच्या नाहीतर वेचणीच्या दिवसांत गैरहजर. नियमाने सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला चौदा. शिवाय परीक्षेचं काम, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, निवडणुकीची ड्युटी. कविता यातून उरलेल्या वेळात होते. परिचय लिहिणाऱ्याने हा उरलेला वेळ कोणता ते विचारलं पाहिजे. सकाळच्या बसमध्ये? उन्हाळ्याच्या सुटीत? कवितांच्या खाली तारखा घालणारा कवी असेल तर उत्तर पुस्तकातच मिळतं. मे आणि नोव्हेंबर पुन्हा पुन्हा दिसतात.

‘प्राध्यापक’ हा शब्द लोकांच्या तोंडी कॉलेजात शिकवणाऱ्या कुणालाही लागतो आणि त्यात गैर काही नाही. पण ‘अमुक साली प्राध्यापक झाले’ असं साल घालून लिहायचं तर पद नेमकं हवं. सहाव्या वेतन आयोगाआधी अधिव्याख्याता, वरिष्ठ श्रेणी, निवड श्रेणी, प्रपाठक अशी पायरी होती. आता सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक. १९८८ साली लागलेला माणूस ‘सहायक प्राध्यापक म्हणून रुजू’ झाला नव्हता, अधिव्याख्याता म्हणून झाला होता. ‘विभागप्रमुख’ या शब्दावरही फार हुरळू नये. ग्रामीण महाविद्यालयात मराठीला बहुतेक वेळा एकच मंजूर पद असतं. विभागही तेच आणि प्रमुखही तेच.

सर्वांत जास्त लपवली जाणारी वर्षं म्हणजे तासिका तत्त्वावरची. जेवढे तास घेतले तेवढं मानधन. सुटीचे पैसे नाहीत, उन्हाळ्यात काही नाही, आणि जुलैत पुन्हा मुलाखत. आजच्या चाळिशीतल्या बऱ्याच कवींची आठ-आठ, दहा-दहा वर्षं अशी गेली आहेत, काहींची अजून जात आहेत. बायोडाट्यात ती ‘अध्यापन अनुभव’ या एका आकड्यात विरघळतात, कारण विद्यापीठाची मान्यता नसलेलं वर्ष सेवेत धरलं जात नाही आणि धरलं जात नाही ते कशाला लिहा. मग ‘सेवा १२ वर्षे’ आणि ‘अध्यापन २२ वर्षे’ असे दोन आकडे एकाच परिचयात येतात आणि वाचकाला छपाईची चूक वाटते. चूक नाही. मधली दहा वर्षं तासिकेची आहेत. कवीची परवानगी घेऊन ती स्पष्ट छापावीत. पहिल्या संग्रहाच्या कविता बहुधा याच वर्षांतल्या असतात.

पात्रतेचंही तसंच. नेट परीक्षा सुरू झाली १९८९ मध्ये, आपल्या राज्याची सेट १९९५ मध्ये. त्याआधी नोकरीला लागलेल्या ज्येष्ठ कवीच्या परिचयात ‘नेट नसतानाही’ असा सूर लागतो तो निव्वळ अज्ञानाचा. पीएच.डी.च्या बाबतीत दोन प्रत्यय सांभाळा : ‘यांनी’ आणि ‘यांच्यावर’. ‘डॉ. अमुक यांच्यावर पीएच.डी.’ आणि ‘डॉ. अमुक यांनी पीएच.डी.’ यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि घाईत ते नेहमी पुसलं जातं. मार्गदर्शनाचा आकडा देताना नोंदणी झालेले, प्रबंध सादर केलेले आणि पदवी मिळालेले असे तीन वेगळे आकडे असतात. छापायचा तो तिसरा. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, मार्गदर्शकाच्या नावाने शोधलं तर बरंचसं पाच मिनिटांत कळतं. सगळेच प्रबंध तिथे चढलेले नसतात, तेवढं लक्षात ठेवावं.

शिक्षक म्हणून केलेलं खरं काम मात्र बायोडाट्यात दिसतच नाही. कवीने किती वर्षं महाविद्यालयाचा वार्षिकांक संपादित केला? त्या अंकात पहिली कविता छापून आलेल्या मुलांपैकी पुढे कोण लिहितं आहे? विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर असताना कोणती पुस्तकं लावली? त्या काळात स्वतःची कविता पाठ्यपुस्तकात लागली असेल तर तेही लिहावं. लपवण्यासारखं नाही, पण दोन्ही सालं शेजारी शेजारी दिसली पाहिजेत. संदर्भग्रंथांचं काम असेल तर ते संग्रहांच्या बरोबरीने मोजावं. २००१ चा ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ आजही एम.ए.च्या मुलांच्या हातात असतो. त्याच्या संपादकांत डहाके आहेत आणि प्रभा गणोरकरही आहेत. गणोरकर स्वतः कवयित्री, समीक्षक आणि प्राध्यापक. ‘व्यतीत’ आणि ‘विवर्त’ हे त्यांचे संग्रह. त्यांचा उल्लेख पतीच्या, म्हणजे डहाक्यांच्या, परिचयात ‘पत्नीची मोलाची साथ’ या ओळीत उरकला की आम्हाला पान उलटावंसं वाटतं. स्वतंत्र परिचय छापा, एवढंच म्हणणं.

पुस्तकाचं साल तपासायचं तर जाहिरात, आमंत्रणपत्रिका, प्रकाशन समारंभाचा फोटो यांवर जाऊ नये. पुस्तक हातात घ्यावं आणि शीर्षकपान उलटून मागची बाजू वाचावी. तिथे पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, पुनर्मुद्रण, प्रकाशक, मुद्रक, मूल्य सगळं असतं. ‘आवृत्ती’त मजकूर बदललेला असू शकतो, ‘पुनर्मुद्रणा’त नाही, दोन्ही शब्द एकच समजू नयेत. तारीख गुढीपाडव्याची, दसऱ्याची किंवा १ मेची असेल तर ती बहुधा ठरवून घातलेली असते. पुस्तक बाजारात येतं त्याच्या मागे-पुढे. साल मात्र धरायला हरकत नाही. शंका आली तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावरचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, मोजावा. २००७ पासून तो तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता. पहिली आवृत्ती १९९५ म्हणून दाखवलेल्या प्रतीवर तेरा आकडे असतील तर हातात आहे ती प्रत नंतरची. मग जुनी प्रत शोधावी. ती तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात सापडण्याची शक्यता पुष्कळ असते आणि प्रत गहाळ झाली तरी दाखल नोंदवहीत पुस्तक कधी आलं, किती रुपयांना आलं, ही ओळ असते. ऋणनिर्देशाचं पानही वाचावं. ‘कवितारती’, ‘युगवाणी’, ‘अस्मितादर्श’, कुठला दिवाळी अंक, अशी नावं तिथे असतात. कवितेची दिनदर्शिका तिथून लागते.

डिसेंबरातल्या पुस्तकांबद्दल जरा सावध राहावं. राज्य वाङ्मय पुरस्काराला १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात निघालेली पहिली आवृत्ती लागते. त्यामुळे कुणी घाई करून डिसेंबर छापतं, कुणी थांबून जानेवारी. पुस्तकावरचं साल आणि दुकानातलं साल यात एखादं वर्ष इकडचं तिकडे होतं ते बऱ्याचदा यापायी.

पुरस्कारांच्या यादीत तीन चुका ठरलेल्या. पहिली, पुरस्काराचं साल आणि पुस्तकाचं साल एक समजणं. साहित्य अकादमीचा पुरस्कार ज्या वर्षाचा, त्याच्या आदलं वर्ष सोडून त्यामागच्या पाच वर्षांतली पुस्तकं विचारात येतात. ‘चित्रलिपी’ २००६ चं, पुरस्कार २००९ चा. दुसरी, कवीला मिळाला म्हणजे कवितेला मिळाला असं गृहीत धरणं. ग्रेस यांना २०११ चा अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘वाऱ्याने हलते रान’साठी, आणि ते ललितलेखांचं पुस्तक आहे. ‘कवितेसाठी अकादमी’ असं त्यांच्याबद्दल अजून छापून येतं. तिसरी चूक, जाहीर झालेला प्रत्येक पुरस्कार ‘मिळालेल्या’त घालणं. विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार यशवंत मनोहर यांनी जानेवारी २०२१ मध्ये नाकारला, व्यासपीठावर सरस्वतीची प्रतिमा असण्याला त्यांचा विरोध होता म्हणून. तो यादीत ‘प्राप्त’ म्हणून घालणं म्हणजे त्यांची भूमिकाच पुसणं. नाकारलेल्याला कारणासकट वेगळी ओळ द्यावी. संमेलनाध्यक्षपदाचंही साल जपावं : निवड होते आधी, संमेलन भरतं नंतर. डहाके अध्यक्ष होते ते ८५ वं अखिल भारतीय संमेलन फेब्रुवारी २०१२ मध्ये चंद्रपूरला भरलं. निवड २०११ ची. आणि अखिल भारतीय संमेलन, विदर्भ साहित्य संमेलन, तालुक्याचं ग्रामीण संमेलन या तिन्हींना नुसतं ‘संमेलनाध्यक्ष’ म्हणू नये. तालुक्याच्या संमेलनाचा मान कमी नाही, पण नाव पूर्ण लिहावं.

आता ओळी. कवितेच्या ओळींची आपल्या छपाईत होणारी दैना या सगळ्याहून वाईट.

कवी कविता व्हॉट्सअॅपवर पाठवतो. तिथून ती कॉपी होऊन पानाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाते आणि अरुंद रकान्यात ओतली जाते. लांब ओळ आपोआप मोडते, मोडलेला तुकडा खाली नवी ओळ म्हणून उभा राहतो. कडव्यांमधली मोकळी ओळ जागा वाचवायला काढली जाते. मुक्तछंदात ओळ कुठे तोडली हीच तर कवीची कारागिरी. ती गेली की उरतं ते बातमीसारखं गद्य. उपाय अवघड नाही. कविता दोन रकान्यांच्या रुंदीत लावा. तरीही ओळ मोडलीच तर मोडलेला भाग आत सरकवून लावा, म्हणजे ती आधीच्या ओळीचीच आहे हे कळतं. मजकुराच्या आत ओळी द्यायच्या तर ओळ संपते तिथे एक तिरकी रेघ, कडवं संपतं तिथे दोन. आणि चार-सहा ओळी पुरतात. अख्खी कविता छापायची तर कवीची परवानगी घ्यावी लागते, कवी हयात नसेल तर वारसांची. मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो.

त्यातही आपल्या भागाचा खास आजार म्हणजे अर्धा ‘ऱ’. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना ‘ऱ्ह’चा ‘र्ह’ होतो. ‘वऱ्हाडी’ची ‘वर्हाडी’ होते, ‘पऱ्हाटी’ची ‘पर्हाटी’, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’. रफार डोक्यावर चढला की उच्चारच बदलतो. कारण असं की हा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. फॉन्ट बदलताना ते जोडचिन्ह गळतं आणि साधा रफार उरतो. दुसरी पद्धत पक्की : नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यायचा, मग हलन्त, मग ‘ह’. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की तो ‘ऱ’ येतो. पान छपाईला सोडण्यापूर्वी ‘र्ह’ आणि ‘र्य’ एवढी दोन अक्षरं शोधून पाहिली तरी बहुतेक चुका हाती लागतात. मात्र ‘सगळे बदला’ दाबू नये. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘गर्हणीय’ यांत रफारच बरोबर आहे.

शब्द ‘सुधारण्या’चं काय करावं? वऱ्हाडी कवितेतलं ‘वावर’ मुद्रितशोधक ‘शेत’ करतो, ‘पऱ्हाटी’ची ‘कपाशी’ करतो, ‘काया मातीत’चं ‘काळ्या मातीत’ करतो. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, काळाचा काया, डोळ्याचा डोया; ते अशुद्धलेखन नाही. अर्थ कळणार नाही असं वाटलं तर कवितेखाली बारीक अक्षरात दोन शब्दांचे अर्थ द्या : धुरा म्हणजे बांध, डवरण म्हणजे पिकाच्या ओळींतून डवरा फिरवून तण काढणं. मूळ ओळीला हात लावू नये. कवीने पाठवलेल्या मजकुरात दोन ठिकाणी ‘डोया’ आणि एका ठिकाणी ‘डोळा’ असेल तर स्वतः ठरवून टाकू नये, फोन करून विचारावं. कधी ती कवीची चूक असते, कधी एकाच कवितेत बोलणारी माणसं दोन असतात.

मृत्युलेखाबद्दल थोडकंच. तो रात्री साडेनऊला लिहिला जातो, तेव्हा कुणी ग्रंथालय उघडून देत नाही. साठी ओलांडलेल्या कवींच्या नोंदी आधीच तयार ठेवाव्यात आणि त्या कवीलाच एकदा दाखवाव्यात. कुणी रागावत नाही. उलट दोन सालं दुरुस्त करून, चहा पाजून पाठवतात.

शेवटची विनंती दुरुस्तीबद्दल. चूक लक्षात आणून दिली की आपण दिलगिरी छापता, त्याबद्दल आभार. पण ती येते बुधवारी, आतल्या पानाच्या तळाशी. परिचय रविवारच्या पुरवणीतला असेल तर दुरुस्तीही रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर, मूळ अंकाची तारीख देऊन छापावी. वाचनालयात कात्रणं चिकटवणारी मुलं बुधवारचं आतलं पान उघडत नाहीत.

कळावे,
दर्यापूर-अंजनगाव भागातले काही मराठीचे शिक्षक आणि ग्रंथपाल